वार चुकविणारी गदा

गदा म्हटली म्हणजे भीमाचें किंवा मारुतीचें चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें आणि प्रहार हाच तिचा धर्म असें वाटतें. पॅसिफिक महासागरांतील मेलानेशियाच्या बेटांवर मात्र कित्येक गदांचें काम वार करण्याइतकेंच वार चुकविण्याचें होतें.

सॉलोमन द्वीपसमूहांत मकिरा नांवाचें बेट आहे. १५६८ मध्यें तेथें आलेल्या स्पॅनिश दर्यावर्द्यांनीं त्यास सान क्रिस्तोबाल असें नांव दिलें. तेथील योद्धा हातीं विळ्यासारखी वांकडी, रुंद पात्याची लांकडी गदा धरी आणि अंगावर येणारा भाला तिच्या पात्यानें बाजूस उडवी. गदाच त्याची ढाल होती. द्वीपसमूहाच्या इतर भागांत वेताच्या विणलेल्या ढाली असत. त्या वजनानें हलक्या, सुमारें दोन हात लांब आणि इतक्या अरुंद कीं त्यांच्याआड सारें शरीर लपत नसे. नजर आणि मनगट हेंच खरें संरक्षण. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अशा कांहीं ढालींवर लुकण लावून चकाकत्या शिंपल्यांचे तुकडे जडविण्यांत आले. त्या नाजूक ढाली रणांत टिकणाऱ्या नव्हत्या. त्या मानाच्या होत्या.

शस्त्राचें मानचिन्ह होण्याचें सर्वांत बोलकें उदाहरण फिजींत घडलें. बाऊचा बलाढ्य अधिपति थाकोंबाऊ यानें १८५४ मध्यें ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढें १० ऑक्टोबर १८७४ रोजीं फिजी ब्रिटिशांच्या स्वाधीन झाली, तेव्हां त्यानें आपली आवडती युद्धगदा व्हिक्टोरिया राणीस अर्पण केली. आजवर गदा हाच देशाचा कायदा होता, तो आतां संपला, असा त्या भेटीचा अर्थ होता.

१९३२ मध्यें ती गदा रुपेरी कबुतरांनीं शृंगारलेली अशी फिजीस परत आली आणि विधिमंडळाचा राजदंड बनली. त्याच मंडळांत १९२९ पासून, उंसाच्या मळ्यांवर गिरमिटानें नेलेल्या हिंदी मजुरांच्या समाजानें निवडलेले सभासदहि येऊं लागले होते. १९७० मध्यें फिजी स्वतंत्र झाली आणि राजदंडाचा तो मान संसदेंतहि कायम राहिला.

परंतु मे १९८७ मध्यें सशस्त्र सैनिक त्याच संसदेंत शिरले आणि लोकनियुक्त सरकार उलथून पडलें. शस्त्रास राजदंड करतां येतें. पण त्याची राखण अखेर माणसांनाच करावी लागते.