रॉब्सन आणि त्याचे खाणकामगार चाहते

नटाच्या चाहत्यांविषयी आपण बहुधा थट्टेच्या सुरात बोलतो. तिकिटासाठी ताटकळणारा, नटासारखा भांग पाडणारा, एवढेच चाहत्याचे रूप आपल्या डोळ्यांपुढे असते. परंतु चाहत्यांनी आपल्या नटाचे ऋण फेडल्याचाही एक दाखला इतिहासात आहे. तो आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

पॉल रॉब्सन हा अमेरिकेतील कृष्णवर्णीय नट व गायक. जन्म १८९८चा. वडील गुलामगिरीतून पळून सुटलेले, पुढे धर्मोपदेशक झालेले. १९३० साली लंडनमध्ये त्याने शेक्सपिअरचा ऑथेल्लो उभा केला. १९४३मध्ये न्यूयॉर्कला तीच भूमिका पुन्हा केली, तेव्हा नाटकाचे २९६ प्रयोग झाले. शेक्सपिअरच्या कोणत्याही नाटकाला तेथे तोवर एवढे सलग प्रयोग लाभले नव्हते.

रंगभूमीवर पडदा वर गेला की भूमिका नटाच्या हाती असते. बोलपटाचे तसे नाही. तेथे नट काम करून घरी जातो आणि पुढची कात्री दुसऱ्याच्या हाती राहते. गिरणीत कापड विणतो कामगार, पण त्यावर शिक्का उमटतो मालकाचा. तसलाच हा प्रकार. १९३५च्या ‘सँडर्स ऑफ द रिव्हर’ या चित्रपटात रॉब्सनने आफ्रिकी सरदाराचे काम केले. आपल्या लोकांची संस्कृती जगाला दिसेल, ही त्याची आशा. प्रत्यक्षात तयार झाले ते इंग्रजी साम्राज्याचे स्तोत्र! पुढे त्याने हा चित्रपट उघडपणे झिडकारला. १९४२च्या ‘टेल्स ऑफ मॅनहॅटन’नंतर तर त्याने चित्रपटांतील काम कायमचेच सोडले.

मात्र १९४०च्या ‘द प्राउड व्हॅली’चा त्याला अभिमान वाटे. यात तो डेव्हिड गोलायथ नावाचा, कामाच्या शोधात वेल्समध्ये आलेला खलाशी आहे. त्याचा खर्जातला आवाज ऐकून गावातील समूहगायनाचा प्रमुख त्याला खाणीत काम मिळवून देतो. काळा माणूस सोबतीला नको, अशी कुरकुर होते. तिला उत्तर मिळते, की कोळशाच्या खाणीत उतरल्यावर सगळेच काळे! अखेरीस सोबत्यांना वाचवताना डेव्हिड प्राण देतो. बंद पडलेली खाण कामगारांनीच ताब्यात घेऊन चालवावी, असा शेवट मुळात योजला होता. महायुद्ध सुरू झाल्यामुळे तो बदलण्यात आला. येथेही कात्री चाललीच.

तरीही वेल्सच्या खाणकामगारांनी हा डेव्हिड आपला मानला. त्याला कारण होते. १९२९च्या सुमारास लंडनच्या रस्त्यावर गात निघालेल्या बेकार वेल्श खाणकामगारांत रॉब्सन स्वतः सामील झाला होता. स्पेनमध्ये लढताना पडलेल्या वेल्श वीरांच्या स्मृतीसाठी १९३८ साली तो वेल्समध्ये येऊन गायला होता. पडद्यावरचा सोबती खरा आहे, याची त्यांना आधीच पारख झाली होती.

या नात्याची कसोटी पुढे लागली. १९५०मध्ये त्याच्या राजकीय मतांसाठी अमेरिकन सरकारने त्याचा पासपोर्ट काढून घेतला. त्याची व्याख्याने-गाणी बंद पडली, मिळकत आटली. अशा पडत्या काळात दक्षिण वेल्सच्या खाणकामगार युनियनने त्याला आपल्या संगीतोत्सवाचे निमंत्रण दिले. येता येत नाही? मग आवाज तरी येऊ द्या! ऑक्टोबर १९५७मध्ये न्यूयॉर्कमधील रॉब्सन अटलांटिक समुद्राखालच्या टेलिफोन तारेवरून गायला आणि पोर्थकॉलच्या भरल्या सभागृहाने तो ऐकला. मग कामगारांनी इकडून गाऊन त्याला उत्तर दिले. १९५८मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे पासपोर्ट परत मिळाला, आणि त्याच वर्षी तो जातीने वेल्समध्ये आला.

मित्रहो, नट भरात असताना टाळ्या वाजवणारे पुष्कळ असतात. त्याचे नाव घेणेही धोक्याचे झाले, तेव्हा या खाणकामगारांनी त्याला गाण्यासाठी बोलावले. त्यांच्या रसिकतेची किंमत मला त्यासाठी मोठी वाटते.