नवजात बालकांचे लसीकरण व तपासणी : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

भारतात १९७८ साली विस्तारित लसीकरण कार्यक्रम सुरू झाला. त्यात बी.सी.जी. लस होती; परंतु बहुसंख्य बालके घरीच जन्मत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार संस्थात्मक प्रसूतींचे प्रमाण २००५-०६ मध्ये ३८.७ टक्के, तर २०१९-२१ मध्ये ८८.६ टक्के होते. २००५ च्या जननी सुरक्षा योजनेने या बदलास चालना दिली. परिणामी बी.सी.जी., पोलिओची 'शून्य मात्रा' व चोवीस तासांच्या आत द्यावयाची हिपॅटायटिस-बी लस बाळ-बाळंतीण घरी जाण्यापूर्वीच देणे सुकर झाले. २०१३ च्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाने जन्मजात व्यंगांच्या तपासणीची जोड दिली. मात्र थायरॉइडची जन्मजात न्यूनता सहसा डोळ्यांना दिसत नाही. टाचेतील रक्ताच्या थेंबावरून ती कळते. उपचारास विलंब झाल्यास बुद्धिमांद्य ओढवते. ही चाचणी अद्याप सार्वत्रिक झालेली नाही. सारांश, प्रसूती रुग्णालयात आली, लसही पोहोचली. तपासणीचा प्रवास मात्र अपूर्ण आहे.