बक्षी आणि बक्षीस

'बक्षी' हे आडनाव ऐकले की पुष्कळांना बक्षीस आठवते. दोन्ही शब्द आपल्याकडे फारसीतून आले, पण त्यांची घराणी वेगळी. बक्षीस निघाले 'बख्शीदन' म्हणजे देणे, माफ करणे या फारसी क्रियापदातून. बक्षी मध्य आशियातला. मंगोलांकडे तो बौद्ध गुरू होता. लिहिता-वाचता येत असल्यामुळे पुढे लेखनिक झाला आणि शेवटी फौजेचा हिशेबनीस. काही जण त्याचे मूळ संस्कृत 'भिक्षु'पर्यंत नेतात, काही चिनी भाषेतल्या विद्वानवाचक शब्दापर्यंत. निकाल लागायचा आहे. पण भिक्षेकऱ्याच्या नावाने पगार वाटणारा ओळखला जावा, ही गंमत सोडवत नाही.

मोगलांचा मीर बक्षी म्हणजे सेनापती नव्हे. स्वारांची हजेरी घेणे, प्रत्येकाचा 'चेहरा' म्हणजे रंग, तीळ, व्रण लिहून ठेवणे, घोडे डागून घेणे आणि मग पगाराचा कागद पुढे सरकवणे, हे त्याच्या खात्याचे काम. खजिना भरलेला होता तोवर हा मोठ्या पदाचा कारकूनच. मुलखाचा वसूल दिल्लीला येईनासा झाला, तेव्हा मात्र हजेरीपटाचा धनी बादशहापेक्षा भारी ठरू लागला.

1719 साली मीर बक्षी हुसेन अली सय्यद दख्खनची फौज घेऊन दिल्लीत शिरला. बाळाजी विश्वनाथ पेशवेही मराठी फौजेसह बरोबर होते. हुसेन अली आणि त्याचा भाऊ या सय्यद बंधूंनी बादशहा फर्रुखसियरला तख्तावरून ओढले, आंधळे केले, पुढे मारले. मराठ्यांना दख्खनच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा मिळाल्या आणि येसूबाई मोगलांच्या कैदेतून सुटल्या. आपल्या शालेय इतिहासात सुटकेचा आनंद असतो, तख्तावरची ओढाताण फारशी नसते.

मोगल बादशहा अहमदशहाच्या राज्यात तर थकलेल्या पगाराने शिपायांची जीभ सुटली. त्यांनी राजवाड्याच्या दाराशी गाढवाचे पिल्लू आणि कुत्री बांधली. येणाऱ्या अमीरांना ते सांगत, आधी यांना मुजरा करा: हे नवाब बहादुर (म्हणजे दरबारातला सर्वेसर्वा खोजा) आणि या बादशहाच्या मातोश्री! पुढे 1754 मध्ये गाजीउद्दीन या तरुण मीर बक्षीने मराठ्यांच्या जोरावर वजिरी मिळवली आणि त्याच दिवशी अहमदशहाला उतरवले. त्याने बसवलेल्या दुसऱ्या आलमगीराचा 1759 मध्ये त्याच्याच इशाऱ्यावरून खून झाला.

मराठ्यांनीही यातून फारसा धडा घेतला नाही. दौलतराव शिंद्यांच्या फौजेचे पगार तुंबले, तेव्हा 1798 मध्ये सर्जेराव घाटग्यांनी पुण्यातल्या सावकार-कारभाऱ्यांना छळून पैसा काढला. शिंद्यांच्या छावणीत पगारासाठी शिपाई धरणे धरून बसत. आजच्या मोर्चेकऱ्यांच्या 'धरणे'ला ही फौजी वहिवाटही आहे.

मग आली 'तैनाती फौज'. तैनात म्हणजे नेमून दिलेली. 1802 च्या वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीरावांनी तिच्या खर्चासाठी 26 लाखांचा मुलूख कंपनीला तोडून दिला. फौज पेशव्यांच्या रक्षणाची, पैसा पेशव्यांच्या मुलखाचा, हजेरी आणि पगार मात्र कंपनीचे. मोगलांना निदान आपला बक्षी आपण नेमता येत होता. पेशव्यांनी तेही गमावले आणि 1818 मध्ये राज्य गेले.