कोरा रकाना

नळदुर्गला येणारी मंडळी किल्ल्यातला पाणीमहाल पाहतात, बोरीला पाणी असले तर नर-मादी धबधबे पाहतात आणि तुळजापूरला निघून जातात. आमच्या घरी मात्र इथल्या पावसाचा वेगळाच ऐवज होता. आजोबांची वही. निजामी अमलातली, म्हणून साल फसली आणि पाऊस इंचांत.

निवृत्तीनंतर मी ती संगणकावर चढवली. 'आर' ही संख्याशास्त्राची भाषा ऑकलंड विद्यापीठातल्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी 1990 च्या दशकात घडवली. ती फुकट मिळते. पाऊस आणि ज्वारी यांचे नाते सांगणारे समीकरण तिच्यात बसवावे, एवढाच माझा बेत.

पहिली ठेच सालाची. हैदराबादी फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू होई. डिसेंबरपर्यंतच्या नोंदीत 590 मिळवायचे, जानेवारीपासून 591. मी सरसकट 590 मिळवले आणि मृगाचा पाऊस एक वर्ष मागे गेला!

पुढची चूक जास्त लबाड. आजोबांनी अधूनमधून आकड्याऐवजी 'रिमझिम' लिहिले होते. रकान्यात एक शब्द आला की संगणक सगळा रकाना मजकूर मानतो. माझ्याकडची आवृत्ती जुनी. 2020 पूर्वी 'आर' फाइल वाचताना अशा मजकुराचे आपोआप वर्ग पाडी, खरीप-रब्बी असावेत तसे, आणि प्रत्येक वर्गाला आतून अनुक्रमांक देई. तो रकाना मी आकड्यांत बदलला, तेव्हा पाऊस आलाच नाही, अनुक्रमांक आले. अडीच इंचांच्या जागी 41. संगणकाची काही तक्रार नाही. आलेख सुबक निघाला आणि मी तो चार जणांना कौतुकाने दाखवलाही.

हे सगळे निस्तरल्यावर सप्टेंबर 1948 उरला. 13 तारखेला सोलापूरकडून भारतीय फौज हैदराबाद संस्थानात शिरली, ती आधी नळदुर्गवरच. बोरीवरचा पूल तिने शाबूत हस्तगत केला. वहीत त्या दिवसांचे रकाने कोरे आहेत. मी तिथे शून्ये भरून मोकळा झालो होतो. पण शून्य म्हणजे पाऊस पडला नाही. कोरे म्हणजे कोणी मोजला नाही. अशा जागेसाठी 'आर'मध्ये 'एनए' ही वेगळी खूण आहे. ती घातली, तर त्या वर्षाची बेरीजही 'एनए' झाली. आणि समीकरण बसवताना 'आर' अशी ओळ मुकाट्याने गाळते.

म्हणजे संस्थान गेले ते सालच आमच्या हिशेबातून गेले. मी ते तसेच ठेवले आहे. तक्त्याखाली फक्त एक ओळ लिहिली: 1948, नोंद अपुरी.