संघीय न्यायालयातील बचावाचा वकील

आरोपीच्या बाजूने उभे राहणे हा अमेरिकेच्या संघीय न्यायालयांत पोट भरण्याजोगा, सुस्थिर असा व्यवसाय होऊ शकतो, ही गोष्ट फार जुनी नाही. १७९१ साली त्या देशाच्या राज्यघटनेस जोडलेल्या सहाव्या दुरुस्तीने फौजदारी खटल्यात वकिलाचे साहाय्य घेण्याचा हक्क मान्य केला खरा. परंतु वकिलाला देण्यास ज्याच्यापाशी पैसा नाही त्याने काय करावे, याविषयी ती मौन आहे. देहान्त शासनाचे खटले सोडले, तर हे मौन दीडशे वर्षांच्या आसपास टिकले.

ते भंगले एका वरवर क्षुल्लक दिसणाऱ्या खटल्याने. नोव्हेंबर १९३४ मध्ये दक्षिण कॅरोलायनातील चार्ल्सटन येथे जॉन्सन नावाच्या मरीन दलातील एका शिपायास व त्याच्या सोबत्यास, रजेवर असताना वीस डॉलरच्या बनावट नोटा खपविल्याच्या आरोपावरून पकडण्यात आले. जामीन देण्याची ऐपत नसल्यामुळे दोघे दोन महिने कोठडीत राहिले. २३ जानेवारी १९३५ रोजी त्यांना न्यायालयात आणले, तेव्हा कोठे आपल्यावर आरोपपत्र ठेवले गेल्याचे त्यांना कळले. त्याच दिवशी खटला चालला, त्याच दिवशी ते दोषी ठरले आणि त्याच दिवशी साडेचार वर्षांची शिक्षा झाली. शेजारी वकील नव्हता. पुढे अपिलाचा अर्ज त्यांनी केला, तो मुदत उलटून गेल्यावर. अखेर १९३८ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘जॉन्सन विरुद्ध झर्ब्स्ट’ या निकालात सांगितले की, आरोपीने जाणूनबुजून हक्क सोडला नसेल, तर वकिलावाचून त्याचे स्वातंत्र्य हिरावून घेण्याचा अधिकारच संघीय न्यायालयास पोहोचत नाही. निकाल लिहिणारे ह्यूगो ब्लॅक हे एके काळी अलाबामात सरकारी वकील होते, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

हक्क मिळाला, मोबदला मात्र मिळाला नाही. न्यायाधीशाने एखाद्या वकिलाकडे बोट दाखवावे आणि त्याने विनावेतन खटला चालवावा, अशी रीत पुढची पंचवीस वर्षे चालू राहिली. यात नवशिक्यांचे शिक्षण होई, हे खरे. परंतु त्या शिक्षणाचे शुल्क आरोपी भरीत असे. १९६४ च्या फौजदारी न्याय अधिनियमाने प्रथमच न्यायालयातील कामास तासाला १५ डॉलर व बाहेरील कामास १० डॉलरपर्यंत मोबदला ठरविला. १९७० च्या दुरुस्तीने तर बचावाच्या वकिलांची पगारी कार्यालयेच स्थापन होऊ शकली. व्यवसायाची खरी वाट येथून सुरू होते.

ही वाट लांब आहे. पदवीनंतर तीन वर्षे कायद्याचा अभ्यास, मग राज्याची सनद, आणि ज्या संघीय न्यायालयात काम करावयाचे तेथील वेगळी नोंदणी. पुष्कळजण एखाद्या न्यायाधीशाच्या हाताखाली वर्ष-दोन वर्षे लेखनिक-साहाय्यक म्हणून उमेदवारी करतात. त्यानंतर रस्ता फुटतो. कोणी आधी सरकारी वकील होतो आणि तेथील अनुभवाच्या बळावर पुढे धनाढ्य आरोपींचा कैवार घेतो. कोणी आरंभापासूनच बचाव कार्यालयात शिरतो, जेथे अशील निवडण्याची मुभा नसते. १९८७ पासून शिक्षेची कोष्टके अमलात आल्यावर या वकिलाचे बरेचसे कौशल्य साक्षीदाराच्या उलटतपासणीपेक्षा आकडेमोडीत व तडजोडीत खर्ची पडू लागले. २००५ साली ती कोष्टके बंधनकारक राहिली नाहीत. तरीही आज दहांपैकी नऊंहून अधिक दोषसिद्धी गुन्ह्याच्या कबुलीनेच होतात. वक्तृत्वाच्या ओढीने या व्यवसायात येणाऱ्याची यामुळे निराशाच व्हावयाची.

सरकारी वकिलीतून न्यायासनावर जाण्याची परंपरा जुनी आहे. बचाव कार्यालयातून सर्वोच्च न्यायालयात मात्र २०२२ पर्यंत कोणी पोहोचले नव्हते. त्या वर्षी नियुक्त झालेल्या केतान्जी ब्राउन जॅक्सन २००५ ते २००७ या काळात वॉशिंग्टन येथे संघीय बचाव कार्यालयात साहाय्यक होत्या. मार्च २०२२ मधील सिनेटच्या सुनावणीत, ग्वांतानामो येथील बंदिवानांचे वकीलपत्र चालविल्याबद्दल त्यांना अनेक प्रश्न विचारले गेले. बचाव कार्यालयातील वकील आपला अशील स्वतः निवडीत नाही, असे त्यांनी उत्तर दिले. ५३ विरुद्ध ४७ मतांनी त्यांची निवड कायम झाली.