निमाडचा गांजा : शेराचे माप आणि गुंजेचे माप

बऱ्हाणपूर सोडून मेळघाटाच्या अंगाने जाऊ लागले म्हणजे खकनार लागते. मध्य प्रदेशाच्या नकाशावर ते बऱ्हाणपूर जिल्ह्यातील एक तहसिलीचे गाव. परंतु महाराष्ट्राची हद्द इतकी लगत की, मराठी, निमाडी, हिंदी आणि कोरकू या चारही बोली येथे एकमेकींस ओळखतात. दुखणे जुने झाले, सांधे आखडले, झोप उडाली, की येथील माणसाने बऱ्हाणपूर गाठावे, ही या मुलुखाची जुनी रीत होय. तापीकाठच्या त्या शहरात वैद्य आणि हकीम शेजारी शेजारी नांदले. आजही तेथे आयुर्वेदाचे आणि युनानीचे अशी दोन्ही महाविद्यालये आहेत. या दोन्ही शास्त्रांच्या पोथ्यांत जी एक वनस्पती समान आहे, तिच्याविषयी येथे चार शब्द लिहावयाचे आहेत. ती वनस्पती म्हणजे भांग, अर्थात गांजा. तिची निवड आम्ही केली ती केवळ नवलाईसाठी नव्हे. बऱ्हाणपूर तहसील ज्या जुन्या निमाड जिल्ह्यात मोडत असे, त्याच जिल्ह्यात इंग्रज अमदानीत ती सरकारच्या देखरेखीखाली पिकत होती.

मध्य प्रांतात गांज्याची लागवड सरकारने खांडव्याकडील एका पट्ट्यापुरती बांधून टाकली होती. परवान्यावाचून पेरा नाही, आणि पीक निघाले की ते खांडव्याच्या सरकारी कोठारात जमा झालेच पाहिजे, असा दंडक होता. शेतात नर झाडे वेळीच उपटून टाकीत. कारण मादी झाडास बी धरले की माल हलका होतो. कोठारातून माल बाहेर पडताना त्यावर शेरामागे कर बसे. एवढी काटेकोर मोजणी ज्या पिकाची झाली, त्याची औषध म्हणून मोजणी कोणी केली काय, हा आमचा प्रश्न आहे.

वैद्यकात या वनस्पतीचे स्थान जुने आहे. अथर्ववेदात भंगेचा उल्लेख येतो. परंतु तेथे ती औषधी म्हणूनच आली आहे असे ठामपणे म्हणता येत नाही. शार्ङ्गधरसंहितेत मात्र संशय उरत नाही. जे द्रव्य पचण्यापूर्वीच सर्व शरीरभर पसरते त्यास तेथे व्यवायी म्हटले असून, भांग आणि अफू ही त्याची उदाहरणे दिली आहेत. सोळाव्या शतकातील भावप्रकाशाने तिचे ग्राही, पाचक, तीक्ष्ण असे गुण नोंदविले. संग्रहणीसारख्या वर्षानुवर्षे छळणाऱ्या विकारावर देतात त्या जातीफलादि चूर्णात जायफळाच्या नावामागे भांगेचा मोठा वाटा असतो, हे पुष्कळ वाचकांस ठाऊक नसेल. या चूर्णात घालण्यापूर्वी भांगेचे शोधन करावे आणि देताना मात्रा सांभाळावी, असा वैद्यांचा कटाक्ष होता. हकिमांच्या माजुनांतही ती होती. जे द्रव्य उपकार करते तेच अपकार करू शकते, ही जाणीव दोन्ही परंपरांना होती. त्यांचे माप गुंजेचे आणि माशाचे होते, शेराचे नव्हे.

कोकणपट्टीतील वाचकांनी येथे गोव्याचे स्मरण करावे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत असे आणि अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी त्याचे जाणेयेणे होते. १५६३ मध्ये त्याचा औषधींवरील संवादग्रंथ गोव्यातच छापून निघाला. त्यात भांगेवर एक प्रकरण आहे. आपल्या नोकरांनी ती चोरून घेतली असता त्यांना श्रम जाणवले नाहीत, मन प्रसन्न झाले व भूक लागली, असे तो सांगतो. भूक लागणे आणि श्रम न जाणवणे या दोन गोष्टी कृश झालेल्या रोग्याच्या दृष्टीने केवढ्या मोलाच्या! परंतु आपण स्वतः ती घेतली नाही आणि घेणार नाही, असे सांगून, ती आपल्या औषधांपैकी नव्हे म्हणून तो हा विषय सोडून देतो. एवढा चौकस गृहस्थ, पण दारापर्यंत येऊन परत फिरला, असे म्हणावेसे वाटते.

ते दार उघडले १८३९ मध्ये, कलकत्त्यास. विल्यम ओशॉनेसी हा आयरिश डॉक्टर तेथील वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापक होता. त्याने प्रथम देशी ग्रंथांची व जाणकारांची माहिती मिळविली, मग जनावरांवर प्रयोग केले, आणि त्यानंतरच संधिवात, धनुर्वात, पटकी इत्यादींच्या रोग्यांस गांज्याचा अर्क दिला. संधिवाताच्या एका रोग्याचे अंग ठेवावे तसे राहू लागले, तेव्हा तो सावध झाला आणि त्याने मात्रा कमी केली. पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशाने आजारी पडलेल्या एका हकिमाची हकीकतही त्याने लिहून ठेवली आहे. पाण्याच्या दर्शनाने ज्याला झटके येत, त्याला औषधानंतर थोडे गिळता येऊ लागले. हकीम वाचला नाही. वाचणे शक्यही नव्हते. परंतु त्याचा शेवट सुसह्य झाला. आमच्या मते या सर्व इतिहासाचे मर्म या एका रोग्यात आहे. रोग बरा करणे वेगळे आणि रोग्याचे दुःख हलके करणे वेगळे. दुसऱ्या कामाचा दावा पहिल्याच्या नावाने करणे ही फसवणूक होय. तथापि दुसरे काम क्षुद्र मानणे हीही निर्दयताच होय.

पुढे युरोपात या औषधाचा बोलबाला झाला. राणी व्हिक्टोरियाच्या राजवैद्यांपैकी रसेल रेनल्ड्स याने १८९० मध्ये आपल्या तीस वर्षांच्या अनुभवावरून लिहिले की, शुद्ध माल आणि जपून ठरविलेली मात्रा असेल तर मज्जातंतूंच्या वेदना, अर्धशिशी यांवर याइतके उपयुक्त औषध थोडे. प्रारंभ अत्यल्प मात्रेने करावा, हाही इशारा त्याने दिला होता.

याच सुमारास विलायतेत गांज्याविरुद्ध ओरड उठली आणि १८९३ मध्ये सरकारने चौकशी आयोग नेमला. मॅकवर्थ यंग हे अध्यक्ष. सात सभासदांपैकी तीन हिंदी. ११९३ साक्षी झाल्या. १८९४ चा तो अहवाल आजही वाचनीय आहे. माफक सेवनाने सहसा अपाय होत नाही, अतिसेवनाने होतो, असा त्याचा निर्णय. वैद्य, हकीम आणि डॉक्टर यांच्या साक्षींत पेटके, मज्जाशूळ, अतिसार, अपचन यांवरील उपयोग पुनःपुन्हा येतो. हिवतापाच्या व वाईट पाण्याच्या मुलुखात श्रमजीवी लोक प्रतिबंधक म्हणून ती घेतात, हेही नमूद झाले. परंतु आयोगाच्या शिफारशींचा रोख होता तो परवाने, कोठारे, कर आणि देखरेख यांवर. ज्या साक्षींतून औषधाच्या परीक्षेचा पाया घालता आला असता, त्या दप्तरात राहिल्या. खांडव्याच्या कोठारात काटा चालू राहिला. पण त्याच मालातील गुण आणि विष किती, हे तपासणारी प्रयोगशाळा त्या कोठाराशेजारी कोणी उभारली नाही.

याचा परिणाम व्हायचा तोच झाला. एका पिकाचा अर्क तीव्र, तर दुसऱ्याचा निष्प्रभ. डॉक्टरांचा विश्वास उडाला. गांज्याचे सत्त्व पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते सुईने टोचता येईना. मॉर्फिन सहज टोचता येई. १८९९ मध्ये ॲस्पिरिन बाजारात आले. १९३२ मध्ये ब्रिटिश औषधकोशातून गांजा वगळला गेला. भारतात रामनाथ चोप्रा यांनी १९३९ मध्ये या व्यसनाचा कसून अभ्यास प्रसिद्ध केला. पण तोवर प्रश्न व्यसनाचा झाला होता, औषधाचा राहिला नव्हता.

मादक सत्त्वाची नेमकी रचना उलगडली ती १९६४ मध्ये, इस्रायलात, मेशूलम आणि गाओनी यांच्या हातून. पुढे १९९२ मध्ये मेशूलम यांच्याच प्रयोगशाळेत असे आढळले की, मेंदूतच त्या सत्त्वासारखे काम करणारे द्रव्य तयार होते. त्याचे नामकरण करताना संशोधकांनी संस्कृतातील ‘आनंद’ हा शब्द घेतला आणि त्यास आनंदामाइड म्हटले. शब्द आपला, शोध परक्यांचा! २०१७ मध्ये अमेरिकेतील विज्ञान अकादमींनी सर्व पुराव्यांचा आढावा घेतला, तेव्हा प्रौढांच्या जुनाट वेदना, कर्करोगाच्या औषधांनी होणारी ओकारी आणि एका मज्जाविकारातील स्नायूंचा ताठरपणा एवढ्यांपुरताच भरीव आधार आढळला. पुढल्याच वर्षी या वनस्पतीतील दुसरे, नशा न आणणारे सत्त्व अपस्माराच्या दोन दुर्मीळ प्रकारांवर अमेरिकेत मान्य झाले. त्याबरोबरच तरुण वयातील नित्य सेवनाने मनोविकाराचा धोका वाढतो, हेही सिद्ध झाले आहे. जो वैद्य पहिली बाजू सांगून दुसरी झाकतो, त्याच्यापासून रोग्याने दूर राहावे.

आपल्याकडे १९८५ च्या कायद्याने गांजा व चरस निषिद्ध झाले. पाने मात्र गांज्याच्या व्याख्येबाहेर राहिली, आणि वैद्यकीय व शास्त्रीय कामाची वाटही त्याच कायद्याने मोकळी ठेवली. भांगयुक्त आयुर्वेदीय औषधांवर, ती वैद्याच्या देखरेखीखाली घ्यावीत, अशी सूचना छापणे बंधनकारक आहे. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारातील सर्वांत कडक यादीतून ही वनस्पती २०२० मध्ये काढण्यात आली. त्या मतदानात भारताने बाजूने कौल दिला. म्हणजे दार पुन्हा किलकिले झाले आहे.

अशा वेळी खकनारच्या एखाद्या म्हाताऱ्याने, ज्याची हाडे रात्रभर ठणकतात त्याने, काय करावे? त्याने कोणा बैराग्याच्या चिलमीकडे वळावे, असे आम्ही कदापि म्हणणार नाही. त्या चिलमीत मात्रा नाही, शोधन नाही आणि जबाबदारीही नाही. पण त्याच्या वेदनेकडे केवळ कायद्याच्या चष्म्यातून पाहावे, हेही आम्हांस मान्य नाही. निमाडच्या मातीने हे पीक दिले. सरकारने ते शेराने मोजून तिजोरी भरली. आता ते गुंजेने मोजण्याचे काम उरले आहे. बऱ्हाणपूरच्या वैद्यांनी, हकिमांनी आणि आधुनिक डॉक्टरांनी एकत्र बसून, रोग्याची नोंद ठेवून, गुणाबरोबर दोषही लिहून ते करावे. ओशॉनेसीने सुरू केलेली ती वही पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ आपल्या वाटेवर उघडी पडून आहे.