तळटीप : ‘गोलपिठा’तील जुगुप्सा

भरताच्या नाट्यशास्त्रात जुगुप्सा, म्हणजे किळस, हा बीभत्स रसाचा स्थायिभाव मानला आहे. संतकवींनी याच किळसेचा उपयोग हाडामांसाच्या देहाविषयी विरक्ती उपजावी यासाठी केला, तर बा. सी. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ (१९४७) या संग्रहात ती यंत्रयुगात चिरडलेल्या देहाला चिकटून येते, आणि त्यापायी मर्ढेकरांना अश्लीलतेच्या खटल्याला तोंड द्यावे लागले. नामदेव ढसाळ (१९४९–२०१४) यांचा जन्म खेड तालुक्यातील पूर-कनेरसरचा असला, तरी ‘गोलपिठा’तील (१९७२) देह मुंबईच्या कामाठीपुरा परिसरातला आहे. तेथील पू, रक्त, गटार आणि गुप्तरोग यांनी वाचकाला शिसारी येते खरी, पण ती देहाकडून अध्यात्माकडे वळवत नाही, आणि कित्येक समीक्षक समजले तसा तो पांढरपेशांना धक्का देण्याचा निव्वळ खटाटोपही नाही. ज्या जातिव्यवस्थेने काही देह जन्मतःच विटाळाचे ठरवले, तिच्यावरच ही कविता ती किळस उलटवते. विजय तेंडुलकरांनी या संग्रहाला लिहिलेली प्रस्तावना या दृष्टीने अवश्य पाहावी.